तुझ्या नावावर चाललेला मजला

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या पायांवर डोके ठेवून पत्राला आरंभ करतो. डोके लगेच उचलत नाही. पत्र संपेपर्यंत ते तिथेच असलेले बरे, असे तुझ्या भावजयीचेही मत आहे. (हे मत तिने तोंडाने दिलेले नाही. सध्या ती तोंडाने मते देत नाही. त्याचे कारण पुढे येईल.)

'इकडील सर्व क्षेम' असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने 'सर्व' हा शब्द जपून वापरावा. इकडील काही क्षेम आहे. उदाहरणार्थ, माझे दात. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की केले असे चिरंजीवांना सांगतेस? सूनबाईंच्या बढतीचे काय झाले? गच्चीवरच्या मिरच्यांवरची कीड गेली का? तुला नवा चष्मा लागल्याचे कळले, म्हणून अक्षर मोठे काढतो आहे. पाने पाहून घाबरू नकोस, निम्मी पाने अक्षरामुळे झाली आहेत. हे सारे फोनवर विचारता आले असते. परंतु फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यालाच "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि प्रस्तुत विषय असा आहे की तिसऱ्या वाक्यापर्यंत त्याची व्याख्यासुद्धा पुरी होत नाही. ई-मेल करता आला असता. तो का करता आला नाही, हाच तर विषय आहे.

तुला आठवत असेल, आमचा तत्त्वज्ञान विभाग बागेपलीकडच्या बैठ्या इमारतीत होता. ती इमारत रंगवायची म्हणून रिकामी करण्यात आली (रंग अजून ठरलेला नाही, समिती नेमली आहे), आणि मला तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे तुझ्याच जुन्या मजल्यावर, तुझ्या भावजयीच्या संख्याशास्त्राच्या खोलीला लागून खोली मिळाली. निवृत्तीपर्यंत तू जिथे मानसशास्त्र शिकवलेस तिथे आता आपणही बसणार, याचा मला फार आनंद झाला. तुझ्या भावजयीला किती झाला हे निश्चित सांगता येत नाही. मी पुस्तकांचे खोके उचलून जिना चढत असताना तिने मला मधल्या वळणावर गाठले आणि एकच अट घातली. "हे बघा, या मजल्यावर कुणाला काहीही समजावून सांगायचं नाही. कुणी विचारलं तरीही नाही." मी म्हणालो, विचारल्यावर सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणूनच मी सगळ्यांना काही विचारू नका म्हणून बजावून ठेवलंय."

खोली उत्तम आहे. खिडकीतून फाटकापर्यंतचा रस्ता दिसतो, टेबलाचे चारही पाय समान लांबीचे आहेत, आणि टेबलाखाली तुझा जुना संगणक पडलेला आहे, तो मी पाय ठेवायला वापरतो. परंतु पहिल्याच सकाळी मला भिंतींतून आवाज ऐकू येऊ लागले. टक, असा एक ठोका. मग कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बऱ्याच वेळाने टक टक, असे दोन. कधी मध्येच टक टक टक, आणि त्यावर इतिहासाच्या सरांच्या खोलीतून एक दीर्घ खोकला. (इतिहासाचे सर तुला ठाऊक आहेतच, तुमच्या वेळेपासून त्यांना तोफखाना म्हणतात. खोकल्यामुळे की लढायांच्या आवडीमुळे, याबद्दल दोन मते आहेत.) मी पद्धतशीर विचार केला. नळाचा आवाज असता तर तो पाणी सोडल्यावर आला असता. सुताराचा असता तर सुतार दिसला असता. म्हणजे हा मनुष्यांनी मनुष्यांसाठी केलेला आवाज होता, आणि तो सकाळी सकाळी केलेला असल्याने अभिवादन असावे, असे अनुमान मी काढले. शिष्टाचारात आपण मागे का राहावे? दुपारी पलीकडच्या भूगोलाच्या बाईंच्या भिंतीवर मीही दोन खणखणीत ठोके दिले.

त्यावर जे घडले ते अभिवादनाशी सुसंगत नव्हते. भिंतीपलीकडून "अगं बाई!" असा उद्गार आला. तोफखाना खोलीबाहेर आले. तुझी भावजय आली. तिने माझ्याकडे, माझ्या मुठीकडे आणि भिंतीकडे पाहिले आणि माझी खुर्ची, मी बसलेलो असताना, भिंतीपासून खोलीच्या मध्यावर ओढली.

या प्रसंगाचा उलगडा मला तेव्हा झाला नाही, कारण मी दुसऱ्या कार्यात गढलो होतो. मला माझा संगणक आवाराच्या नेटवर्कवर रीतसर नोंदवायचा होता. ताई, ही व्यवस्था इतकी सुंदर आहे की ती नीट समजून घेतल्याशिवाय तू पुढे वाचू नयेस अशी माझी इच्छा आहे. प्रत्येक संगणकाला कारखान्यातच एक जन्मक्रमांक मिळालेला असतो. नेटवर्कच्या दाराशी एक पहारेकरी उभा असतो (तोही यंत्रच; पगार नाही, म्हणून जागा असतो). संगणक दाराशी आला की पहारेकरी त्याला जन्मक्रमांक विचारतो. क्रमांक नोंदवलेला असेल तर आत सोडतो, नसेल तर नाही. इथे एक बारकावा लक्षात ठेव, कारण साऱ्या अनर्थाचे मूळ त्यात आहे: पहारेकरी क्रमांक विचारतो, चेहरा पाहत नाही.

नोंदणीचे कार्यालय तळघरात आहे. तिथले अधिकारी सज्जन आहेत. सारे आवार त्यांना कुलूपसाहेब म्हणते, आणि मला वाटते त्यांनाही ते आवडते. त्यांनी मला नोंदणीची रीत सांगितली. नोंदणी नेटवर्कवरच्या एका पानावर करायची. त्या पानावर जाण्यासाठी संगणक नेटवर्कवर असावा लागतो. नेटवर्कवर असण्यासाठी त्याची नोंदणी झालेली असावी लागते. ताई, इतके शुद्ध वर्तुळ मला तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही मिळालेले नाही. मी त्यांचे मनापासून अभिनंदन केले आणि त्यांना वर्तुळ काढून दाखवले. ते म्हणाले, "सर, इतकं काही नाही. दुसऱ्या कुणाच्या मशीनवरून करायची." मी विचारले, त्या दुसऱ्याने कशी केली? ते म्हणाले, "तिसऱ्याच्या." मी विचारले, आणि पहिल्याने? त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

अखेर त्यांनी स्वतःच्या संगणकावरून मला त्या पानावर नेले. मी सर्व रकाने भरले. यंत्राचे नाव, यंत्राची जागा, यंत्रास जबाबदार व्यक्ती. ('जबाबदार' या शब्दाचे तीन अर्थ होतात, मी तिन्ही लिहिले, पान एकच घेत होते.) त्यानंतर आरोग्यतपासणी. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक संगणकात एक रक्षक कार्यक्रम बसवलेला असला पाहिजे, आणि तो बसवण्याइतका संगणक नवा असला पाहिजे. माझा संगणक महाविद्यालयानेच मला दिला आहे. महाविद्यालयाच्या तपासणीत तो नापास झाला. मग नवा द्या, असे मी म्हणालो. त्यावर कळले की नवे संगणक त्याच मजल्याला मिळतात जिथे नोंदवलेले संगणक कमी पडत आहेत. आणि कमी पडत आहेत हे नोंदवलेल्या संगणकांच्या वापरावरून ठरते. आणि आमच्या मजल्यावर नोंदवलेला संगणक एकच आहे.

एकच? मी चमकलो. मजल्यावर तर प्रत्येक खोलीत एक पडदा उजळलेला मी पाहिला होता.

"एकच," कुलूपसाहेब म्हणाले. आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "पण सर, काय वापरतात हो त्या बाई! आम्ही इथे सगळे त्यांना मानतो. सकाळी सकाळी युद्धं. मग तासभर कसली कसली गणितं. मग नकाशे. दुपारी रोज आईशी बोलतात, कधी चुकत नाहीत. संध्याकाळी बुद्धिबळ. मध्येच भाज्यांचं बियाणं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येतात. इतका व्यासंग मी आजवर पाहिला नाही. वय काय असेल त्यांचं?"

मी नाव विचारले. त्यांनी तुझे नाव सांगितले.

ताई, निवृत्त होऊन तू दूरच्या गावी लेकाकडे राहायला गेलीस त्याला आता किती वर्षे झाली, ते तूच मोज. मी जिना चढून वर आलो तेव्हा माझी अवस्था अशी होती की मी वाटेत कोणालाही काहीही समजावून सांगितले नाही.

घरी गेल्यावर तुझ्या भावजयीने भाजी चिरता चिरता सर्व कबूल केले. (कबूल केले म्हणण्यापेक्षा, मी अनुमानाने गाठलेल्या प्रत्येक टप्प्यावर ती "मग?" असे म्हणत गेली.) तुझा संगणक आरोग्यतपासणीचा नियम येण्याआधी नोंदवलेला. म्हणून त्याला तपासणी माफ. बाकी साऱ्यांची यंत्रे तपासणीत नापास. तेव्हा मजल्यावरच्या प्रत्येकाने आपापल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा जन्मक्रमांक पुसला आणि त्या जागी तुझ्या संगणकाचा क्रमांक भरला. पहारेकऱ्याने विचारले की प्रत्येक यंत्र सांगते, मी ताईंचे. पहारेकरी चेहरा पाहत नाही. तो सोडतो. तुझी भावजय हा क्रमांक इतरांना पाढे पाठ असावेत तसा पाठ म्हणते. मला तो कांद्याच्या तालावर म्हणून दाखवला.

अडचण एवढीच की दोन यंत्रे एकाच क्रमांकाने एकाच वेळी आत गेली की गोंधळ होतो. समज, एकाच पत्त्यावर एकाच नावाच्या दोन बाया राहू लागल्या. पोस्टमन पहिले पत्र हिला देईल, दुसरे तिला, आणि दोघींनाही अर्ध्याच गोष्टी कळतील. म्हणून एका वेळी एकानेच आत जायचे. आणि म्हणून ठोके. एक ठोका, म्हणजे मी येऊ का. दोन, म्हणजे माझे झाले, या. तीन, म्हणजे जरा थांबा, मी मध्येच आहे. कोणाचा ठोका कोणाला टाळता येतो, वरिष्ठाने किती वेळ बसावे, परीक्षेच्या दिवसांत काय सवलत, याचे सारे संकेत ठरलेले आहेत आणि ते एकदाही कोणी मोडलेले नाहीत. सकाळ तोफखान्यांची. मग संख्याशास्त्र. आणि दुपारची वेळ भूगोलाच्या बाईंची. त्या वेळेत कोणीही, अगदी एक ठोकाही द्यायचा नाही.

त्या वेळेचे कारण ऐकल्यावर मला माझी मूठ खिशात ठेवावीशी वाटली. बाईंची आई दूरच्या शुश्रूषागृहात असते. पक्षाघातानंतर तिला फोनवरचा नुसता आवाज ओळखू येत नाही. चेहरा दिसला की मात्र ती बोलते, हसते, जेवणात काय होते ते सांगते. ते गृह तिला पडद्यासमोर बसवते ते दुपारी त्याच वेळी. मी अभिवादनाचे दोन ठोके दिले ते तेव्हा. तोफखान्यांना वाटले, बाईंचे आटोपले. ते आत गेले. आणि आईचा चेहरा पडद्यावर हसता हसता थिजला. दुसऱ्या दिवशी आई लेकीवर रुसली होती. माझे बोलणे अर्धे टाकून गेलीस, असे म्हणाली.

आता एखाद्या सामान्य माणसाने इथे मान खाली घातली असती आणि प्रकरण मिटले असते. परंतु मला तुझ्या भावजयीची अट पाळूनही एक गोष्ट करता येण्यासारखी होती असे वाटले. (तिला आता तसे वाटत नाही.) ही माणसे ठोक्यांत का अडकून पडली होती? कारण त्यांना व्यवस्थेचे तत्त्व समजले नव्हते. तत्त्व समजले की मार्ग सापडतो. मी व्हरांड्यात फळा आणवला. दोन कप घेतले, दोन्हींवर तुझे नाव लिहिले, आणि एकाच किटलीतून चहा ओतताना कोणत्या कपाला किती मिळतो हे सर्वांना प्रत्यक्ष दाखवले. व्याख्यान रंगले असे मला वाटले. तोफखान्यांनी शेवटी एकच शंका विचारली: "सर, हा चहा प्यायचा आहे का?"

मग मी कार्यालयाला एक निवेदन लिहिले. ताई, मी तुला शपथेवर सांगतो, ती तक्रार नव्हती. तो गौरव होता. एका क्रमांकावर एक अख्खा मजला कसा गुण्यागोविंदाने नांदू शकतो, याचे मी त्यात सविस्तर विवेचन केले, आकृत्या काढल्या, ठोक्यांचे कोष्टक दिले, आणि अशा कष्टाळू मजल्याला तपासणी माफ करून प्रत्येकाला स्वतंत्र नोंदणी द्यावी, असे शेवटी सुचवले. ते इतके सुबोध झाले होते की माझ्या अध्यापनाच्या साऱ्या आयुष्यात प्रथमच वाचणाऱ्याला सगळे समजले.

दुसऱ्या दिवशी कुलूपसाहेब स्वतः जिना चढून वर आले. ते कधी वर येत नाहीत. त्यांना मजल्यांचे क्रमांकही जिन्यात विचारावे लागले. त्यांना राग आलेला नव्हता, ताई. कोणीतरी फसवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ते म्हणाले, "बाईंना भेटायचं आहे."

तोफखाना म्हणाले, "बाई वर्गावर आहेत." त्याच क्षणी तुझी भावजय म्हणाली, "रजेवर आहेत." आणि भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "आत्ता इथेच होत्या." कुलूपसाहेबांनी सर्वांवरून नजर फिरवून ती माझ्यावर आणून ठेवली. मी म्हणालो, या तीन विधानांपैकी फार तर एकच सत्य असू शकते, परंतु तिन्ही असत्य असण्याची शक्यता... इथे तुझ्या भावजयीने माझ्या पायावर पाय दिला. तिने नवीन टाचांच्या चपला घेतल्या आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हते.

"म्हणजे युद्धं कोण वाचतं?" कुलूपसाहेबांनी विचारले. तोफखाना खोकले. "आणि बियाणं?" तुझी भावजय छताकडे पाहू लागली. (तेव्हा मला कळले की आमच्या मागल्या दारीही कसलीशी वांगी येणार आहेत.) "आणि ते बुद्धिबळ? मागच्या आठवड्यात बाईंनी वजीर देऊन डाव जिंकला. मी घरी बायकोला सांगितलं हो." तोफखाना पुन्हा खोकले, पण या खेपेस त्या खोकल्यात किंचित अभिमान होता.

मग त्यांनी निर्णय सांगितला. तुझा क्रमांक त्या क्षणापासून स्थगित. महिनाअखेरपर्यंत मूळ मालकिणीने, म्हणजे तू, स्वतः 'हे यंत्र माझ्या वापरात आहे' असे कळवले तर तो पुन्हा चालू होईल. नाही कळवले तर तो कायमचा रद्द. मग नव्या नियमाने नोंदणी, नव्या नियमाने तपासणी; आणि तपासणीत, तुला आता ठाऊकच आहे, मजला नापास. जाता जाता ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, "बाई कधी भेटल्या तर माझा नमस्कार सांगा." कोणत्या बाईंना, हे त्यांनाही सांगता आले नसते.

तेव्हापासून मजला शांत आहे. ठोके बंद झाले. मी व्हरांड्यातून गेलो की दारे हळूच लागतात. तोफखान्यांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे, पण खोकतात माझ्याच दिशेने. भूगोलाच्या बाई दुपारी फोन कानाला लावून फाटकापर्यंत जातात आणि परत येतात, ते मला खिडकीतून दिसते. त्यांच्या आईला आवाज ओळखू येत नाही हे ठाऊक असूनही त्या जातात. आणि तुझी भावजय घरी माझ्याशी फक्त टेबलावर ठोके देऊन बोलते. एक, म्हणजे ताट वाढले आहे. दोन, म्हणजे ताट उचला. तीन, म्हणजे गप्प बसा. अलीकडे मला तीनच ऐकू येतात. मी तिला परवा सांगू पाहत होतो की मूळ संकेतात तीनचा अर्थ वेगळा होता, तर तिने सहा दिले.

परंतु तू काळजी करू नकोस. यात तुला काडीचाही त्रास द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे. कार्यालयाकडून तुला विचारणा आली, तर जे खरे तेच लिही. आपल्या घरात खोटे कधी कोणी लिहिलेले नाही. कुलूपसाहेबांसाठी मी दुसरे निवेदन तयार करतो आहे, पहिल्याचे स्पष्टीकरण म्हणून. ते पहिल्याहून सुबोध होईल. सत्य पुरेशा विस्ताराने मांडले तर कोणतीही व्यवस्था त्यापुढे नमते, असा माझा अनुभव नसला तरी विश्वास आहे.

चिरंजीवांना आणि सूनबाईंना आशीर्वाद. कंबर जप. मिरच्यांवर राखेचे पाणी शिंपडून पाहा.

तुझ्या पायांशी अजून वाकलेला,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. राख चाळून घे. खडे राहिले तर झारी तुंबते.

दुसरा ता. क. वरचे पत्र काल संपवले होते. आज दुपारी मी दुसऱ्या निवेदनाचा मसुदा घेऊन व्हरांड्यातून जात असता भूगोलाच्या बाईंचे दार थोडे उघडे दिसले. नेहमीची वेळ होती. त्या केस नीट विंचरून, चांगली साडी नेसून, काळ्या पडद्यासमोर हात जुळवून बसल्या होत्या. मी दारात उभा राहिलो. काहीतरी बोलावे, निदान पडदा काळा का असतो ते तरी, असे वाटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बराच वेळ आम्ही दोघेही त्या पडद्याकडे पाहत होतो. मग मी परत आलो आणि टेबलाखालच्या तुझ्या संगणकावरून पाय काढून घेतले.

ताई, कार्यालयाकडून तुला एक ई-मेल येईल. (आजवर हा प्रश्न तुला कोणी विचारलाच नसावा, इतकी वर्षे कार्यालय विसरले, असे माझे अनुमान आहे.) त्यात असेल: हे यंत्र अद्याप आपल्या वापरात आहे काय? तू 'होय' असे लिही. ते खरे आहे का, यावर मी सकाळपासून विचार केला. 'वापर' याची व्याख्या पुरेशी रुंद घेतली तर आहे, अरुंद घेतली तर नाही, आणि कोणती घ्यावी याबद्दल माझ्याकडे चार पानांचे टिपण तयार झाले होते. ते मी फाडले. तू नुसते 'होय' लिही. कारण देऊ नकोस. कारण मी दिले होते.

हे तुझ्या भावजयीला कळू देऊ नकोस. मी तत्त्व सोडले असे तिला वाटेल.

तिसरा ता. क. (हे अक्षर माझं आहे, वन्सं. त्यांनी पाकीट डकवायला आणि टाकायला माझ्याकडे दिलं.) तुमचं 'होय' पोचलं, नेहमीसारखंच. कुलूपसाहेब वर येऊन गेले त्याच संध्याकाळी चालू झालं. भूगोलाच्या बाईंच्या आईंनी लेकीला विचारलं म्हणे, मध्ये कुठे गेली होतीस. ठोके चालू आहेत, पण बोटाच्या टोकाने, आणि हे वर्गावर असताना. ठोक्यांची पद्धत घालून दिलीत तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, माझ्या भावाच्या कानावर घालू नका म्हणून. ते आता पटलं. परवा भूगोलाच्या बाईंनी यांची पावलं ऐकून पडदा बंद केला, आणि हे दारातून हलतच नव्हते. बिचाऱ्यांची दहा मिनिटं गेली. फाटकापर्यंत त्या मुद्दाम जातात, यांना दिसावं म्हणून; तेवढंच चालणं होतं. कुलूपसाहेबांनी तुम्हाला बुद्धिबळाचा एक डाव पाठवला असेल. तोफखाना सर विचारतात, उत्तर मी देऊ का.

यांना इतक्यात काही सांगू नका. आनंदाच्या भरात कार्यालयाला आभाराचं पत्र लिहितील. दुसरं निवेदन मात्र रोज थोडं थोडं लिहितात, मन रमतं, घर शांत असतं. झालं की टाकायला माझ्याकडेच देणार आहेत.